ऊन पेल्यावर येईपर्यंत

चौकातल्या पोलिसाने हात वर केला आणि बस कचकन थांबली. उभी माणसं एकमेकांवर कलंडली, कुणाच्यातरी पिशवीचा कोपरा तिच्या बरगडीत रुतला, मागून आवाज आला, "अहो ड्रायव्हरसाहेब, माणसं भरलीत, बटाटे नाही!" आणि सगळी बस हसली. ती मात्र हसली नाही. समोरच्या काचेतून तिला पोलिसाचा तळहात दिसत होता. पांढरा हातमोजा, बोटं जुळवलेली, अंगठा किंचित बाहेर. एवढ्या मोठ्या रस्त्यावर त्या तळहाताचा अर्थ चुकीचा लावणारं कुणी नव्हतं. स्कूटरवाल्यापासून हातगाडीवाल्यापर्यंत सगळ्यांना कळलं होतं की हा माणूस 'नको' म्हणत नाही, 'जा इथून' म्हणत नाही, तो फक्त 'थांबा' म्हणतो आहे. आणि ती त्या हाताकडे बघतच राहिली. कारण असाच एक तळहात तिने आज सकाळी पाहिला होता. सुरकुतलेला, स्वच्छ, अंगठा किंचित बाहेर. एकदा नाही, तीनदा. आणि तिन्ही वेळा तिने त्याचा अर्थ 'नको' असा लावला होता.

सांख्यिकी खात्यात तिचं सगळं आयुष्य गेलं होतं. घरं मोजून झाली, विहिरी मोजून झाल्या, दुकानं, शिलाई यंत्रं, शाळांमधले नळ, सगळं मोजून झालं. या वर्षी खात्याने निवासी देखभालगृहं मोजायला काढली होती. ज्या मोठ्या माणसांना आपलं आपण करता येत नाही, किंवा करता येतं पण करू द्यायला घर नाही, अशी माणसं राहतात ती ठिकाणं. खाटा किती, न्हाणीघरात धरायला दांडा आहे का, औषधं कोण देतं, आणि सगळ्यात शेवटी, राहणाऱ्यांना स्वतःला विचारायचे प्रश्न. तुम्ही इथे आपल्या मर्जीने राहता का. तुम्हाला काही बदलून हवं आहे का. प्रशिक्षणात सांगितलं होतं की प्रश्न तीनदा विचारा, उत्तर आलं नाही तर 'उत्तर देऊ शकत नाही' अशी नोंद करा आणि तिथल्या जबाबदार व्यक्तीकडून माहिती घ्या. बाकीच्या मोजणीबाया एकदाच विचारून पुढे जायच्या. ही तिन्ही वेळा विचारायची, दर वेळी थोडं हळू, थोडं जवळ वाकून, "पुन्हा एकदा विचारते हं," असं म्हणून. म्हणून कार्यालयात तिला पुन्हाबाई म्हणायचे. तिला त्याचं वाईट वाटत नसे. उलट मनाच्या एका कोपऱ्यात थोडा अभिमानच होता, आणि बसच्या दांड्याला धरून उभी असताना नेमका तोच अभिमान तिला आतून चावायला लागला. तीनदा विचारलं खरं. पण तीनदा विचारणं म्हणजे थांबणं नव्हे. दारावर तीनदा थाप मारून निघून जाणाऱ्याला कुणी वाट पाहिली असं म्हणत नाही.

सकाळची ती खोली तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. लांबोळी खोली, दोन्ही भिंतींना लोखंडी खाटा, फिनेलचा वास, आणि त्या वासाच्या खाली दडलेला उकळलेल्या दुधाचा वास. टोकाला पश्चिमेची मोठी खिडकी. खिडकीजवळच्या खाटेवर आजी ताठ बसलेल्या. केस विंचरलेले, पदर सारखा केलेला, जणू कुणीतरी भेटायला येणार आहे आणि ते ठरलेलं आहे. उशाशी एक छोटं टेबल, त्यावर काचेचा पेला पाण्याने काठोकाठ भरलेला, वर बशी झाकलेली. मेट्रनबाई तिच्या बरोबरच फिरत होत्या. मेट्रनबाई वाईट नव्हत्या, हे तिला तेव्हाही जाणवलं होतं. फक्त त्यांना सगळं माहीत होतं. ज्यांना सगळं माहीत असतं त्यांच्याशेजारी उभं राहिलं की दुसऱ्याच्या तोंडातला शब्द तोंडातच सुकतो. "यांचं काही विचारू नका," मेट्रनबाई आजींच्या समोरच म्हणाल्या होत्या, "काही महिन्यांपूर्वी दुसरीकडून आल्या. बोलणं बंदच आहे. पाणी ठेवलं तर तेसुद्धा वेळेवर पीत नाहीत. दुपारी कधी काहीबाही बोलतात म्हणे, मावशी सांगतात. डॉक्टरांनी लिहिलंय, चढउतार. पण आम्ही बघतो तेव्हा मुक्याच. आता वरच्या मजल्यावर न्यायच्या आहेत, पूर्ण देखभालीत. तुमच्या मोजणीत काय येतं तेवढ्यासाठीच थांबलेय. तुम्ही तसं लिहिलंत की झालं, शुक्रवारी हलवू." खाटेच्या दांडीवर पांढरी चिकटपट्टी लावलेली होती आणि तिच्यावर निळ्या शाईत एकच शब्द होता, 'वर'. तिने आजींकडे वाकून प्रश्न विचारला. आजींनी तिच्याकडे पाहिलं. डोळे अगदी स्वच्छ, पहाटेच्या पाण्यासारखे. आणि हात वर केला. तिने पुन्हा विचारलं. पुन्हा हात. तिसऱ्यांदा हात वर आला तेव्हा ओठांच्या कडेला थोडंसं हसूही होतं. मेट्रनबाई म्हणाल्या, "बघितलंत?" तिने बघितलं आणि हातातल्या नोंदीच्या यंत्रावर बोट टेकवलं. उत्तर देऊ शकत नाही. उत्तर कोणी दिलं, प्रतिनिधी. मग मेट्रनबाईंनी आजींची सगळी उत्तरं दिली, पटापट, उभ्या उभ्या, पाढे म्हटल्यासारखी. मर्जीने राहता का, हो. काही बदलून हवंय का, काही नाही.

तिचा थांबा आला आणि गेला. पुढच्या थांब्यावर ती उतरली आणि उलट दिशेने चालत निघाली. पाय चालत होते, मन मात्र चालत चालत थेट आत्याच्या न्हाणीघराच्या दारापाशी जाऊन उभं राहिलं. आत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण, जिने तिला लहानाचं मोठं केलं. आत्या उठल्यापासून माध्यान्हीपर्यंत बोलत नसे. देवाला दिलेला वेळ, एवढंच तिने एकदा सांगितलं होतं, आणि पुन्हा कधी विचारायची कुणाची टाप झाली नाही. पण आत्याची सकाळ कधीच मुकी नव्हती. बांगड्या बोलायच्या, पातेलं बोलायचं, शिलाई यंत्राचं पायडल बोलायचं. दारावर बोटाचं पेर वाजलं की ऊठ, दोनदा वाजलं की अजून उठली नाहीस का गं भवाने. आणि काही सांगायचं असेल पण आत्ता नाही, तेव्हा आत्या हात वर करायची. तळहात समोर, अंगठा थोडा बाहेर. दुपारी सांगते. त्या तळहाताची तिला इतकी सवय होती की शाळेत बाईंनी गप्प बसण्यासाठी हात दाखवला तेव्हा हिला वाटलं होतं, बाई दुपारी काहीतरी सांगणार आहेत. मग आज सकाळी काय झालं होतं? जी लिपी ती अक्षरओळख व्हायच्या आधी शिकली होती, तीच तिला वाचता आली नाही. कारण शेजारी कुणीतरी मोठ्याने दुसरंच वाचून दाखवत होतं.

आत्याच्या टेलिफोनच्या नोकरीची गोष्ट घरात वर्षानुवर्षं सांगितली जायची, पाहुणे आले की हटकून. टेलिफोन कार्यालयात मुली घेणार होते. आत्याचा आवाज शुद्ध, अक्षर सुंदर, अर्ज पहिल्या झटक्यात मंजूर. मुलाखत निघाली सकाळची. आत्या गेली. इस्त्रीची साडी नेसून, वेळेच्या आधी. तिघेजण समोर बसलेले, त्यांनी नाव विचारलं, गाव विचारलं, "हॅलो म्हणून दाखवा," म्हणाले, आणि आत्याने हसून हात वर केला. तिचे वडील हे सांगताना पोट धरून हसायचे. "टेलिफोनच्या नोकरीला मुकी गेली! अहो, जगात असं दुसरं उदाहरण नसेल!" त्या तिघांनी आत्याला दयेने बाहेरच्या बाकावर बसवलं, पाणी दिलं, कुणीतरी घरी पोचवायची सोयही विचारली. ऊन डोक्यावर आल्यावर आत्या बाकावरून उठली, आत गेली आणि म्हणाली, "आता विचारा." आतल्या शिपायाने फायली बांधायला घेतल्या होत्या. "संपलं बाई," तो म्हणाला, "सगळे गेले." गोष्ट इथे संपायची आणि सगळे हसायचे. आत्याही हसायची. पण एकदा, यंत्रात दोरा ओवताना, सुईच्या नाकाकडे एक डोळा लावून आत्या म्हणाली होती, "देवाला दिलेला शब्द मोडून नोकरी धरली असती, तर त्या टेलिफोनवर आयुष्यभर मी कुणाला काय सांगितलं असतं गं?" आणि मग दोरा दातांनी तोडून, जरा थांबून, "एकाने तरी जेवायच्या सुट्टीनंतर परत यायला हवं होतं पण." तेव्हा ते वाक्य तिला कळलं नव्हतं. दोरा तोडल्याचा आवाज मात्र कानात राहिला. आज रस्त्यावर, एका बंद दुकानाच्या पायरीशी, ते वाक्य सबंध कळलं, आणि तिला पायरीवर टेकावंसं वाटलं. टेकली नाही. टेकलं की माणूस स्वतःची कीव करत बसतं, आणि इथे कीव करण्यासारखी दुसरीच कुणीतरी होती. कीव तरी कसली. हात वर करून हसणाऱ्या माणसाची कीव करायची नसते, त्याच्याकडे परत जायचं असतं.

घरी आली तेव्हा नवरा फोनवर होता. तिची नणंद पलीकडून बोलावत होती, लेकीच्या नव्या घरी सगळ्यांनी यावं म्हणून. "छे छे, ती कसली येतेय," तो म्हणत होता, "तिला दगदग सोसत नाही. हो, मी विचारतो, पण मला माहितीय." फोन ठेवून तो स्वयंपाकघराच्या दारात आला. चांगला माणूस. तिचं डोकं दुखलं तर न सांगता गोळी आणून ठेवणारा. "आलीस? चेहरा का उतरलाय?"

"मी येत नाही असं मी कधी म्हटलं?"

"अगं, म्हणायला कशाला हवं? इतक्या वर्षांत मला तुझं कळत नाही का?"

"कळतं हो. सगळंच कळतं तुम्हाला. पण फोन परत लावा."

"आता? काय सांगू?"

"तुम्ही काही सांगू नका. मी बोलते."

त्याने तिच्याकडे असं पाहिलं की जणू घरातल्या कपाटाने दार आतून उघडलं होतं. नंबर लावून दिला. ती नणंदेशी बोलली, येते म्हणाली, वर "डबा घेऊन येऊ का," हेही विचारलं. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "दगदग होईल हं." ती म्हणाली, "होऊ दे. माझीच आहे." तो हसला, ती हसली, विषय संपला. तरी भांडी विसळताना तिला वाटत राहिलं की हे किती सोपं होतं. फोन हाताशी होता, माणूस आपला होता, आणि तोंड उघडायला कुठल्या वेळेची अट नव्हती. ज्या बाईला यातलं काहीच नाही तिने काय करावं? सकाळी सगळे येतात. डॉक्टर सकाळी येतात, तपासणीचे अधिकारी सकाळी येतात, आपण सकाळी गेलो. अंघोळी झालेल्या असतात, चादरी बदललेल्या असतात, म्हणून सगळं सरकार सकाळीच येतं. आणि दुपारी, ज्या वेळी ती बाई बोलते, त्या वेळी सगळ्या फायली घरी जाऊन जेवत असतात. रात्री देवापुढे दिवा लावून ती बसली, पण जप होईना. माळेच्या प्रत्येक मण्याला 'प्रतिनिधी, प्रतिनिधी' असंच ऐकू येत होतं. शेवटी तिने माळ ठेवली आणि सरळच म्हणाली, "उद्या मी परत जाते. तू फक्त ढग आणू नकोस." ढगांचं का म्हणाली ते तिचं तिलाही कळलं नाही. पश्चिमेची खिडकी आणि तो झाकलेला पेला मनात कुठेतरी एकमेकांना जोडले गेले असावेत, हाताला कळतं पण डोक्याला अजून सांगितलेलं नसतं तसे.

कार्यालयात साहेबांना सगळे दशांश म्हणत, कारण ते माणसांबद्दलही दशांश चिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत बोलत. "नोंद पाठवलीत ना? मग ती आता बंद," तिने बसपासून सगळं सांगितल्यावर ते म्हणाले. "उघडायची तर मला उघडावी लागते, कारण लिहावं लागतं. कारण काय लिहू? पोलिसाने हात केला?"

"लिहा, मोजणी चुकली."

"अहो पुन्हाबाई, एका खाटेने आकडा हलत नाही. पॉइंट शून्य शून्य काहीतरी. वरच्यांना दिसणारही नाही."

"आकड्याचं मी म्हणतच नाही साहेब. आपण लिहिलं म्हणून त्या बाईला वर नेणार आहेत."

"नेणारे ते आहेत. आपण फक्त लिहितो."

साहेब कागद चाळायला लागले. मग ती म्हणाली, "साहेब, आपण विहिरी मोजल्या तेव्हा एका गावात विहीर कोरडी लिहून आले होते मी. उन्हाळा होता. तुम्हीच मला पावसाळ्यानंतर परत पाठवलं होतं. म्हणाला होतात, विहिरीला तिच्या वेळेला विचारा." साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "विहीर वेगळी," ते म्हणाले. पण आवाजात धार नव्हती. "अर्धी रजा टाका. खात्याच्या वेळेत मी पाठवू शकत नाही. आणि ती बाई स्वतः बोलली तरच फोन करा. मावशी म्हणाली, शेजारीण म्हणाली, ते चालणार नाही मला." रजेचा कागद तिने आधीच भरून आणला होता. तो टेबलावर ठेवला आणि निघाली. दाराशी साहेबांचा आवाज आला, "आणि नाही बोलली तर?" ती वळून म्हणाली, "तर उद्याची अर्धी रजा."

मेट्रनबाईंना राग आला, आणि तो येणारच होता. "म्हणजे आम्ही खोटं सांगितलं?"

"नाही हो ताई. तुम्ही पाहिलं ते सांगितलंत. मी पाहिलं ते लिहिलं. चूक माझी आहे, मी थांबले नाही."

'चूक माझी' म्हटल्यावर मेट्रनबाईंच्या हातातलं भांडण अर्धं गळून पडलं. "बसा मग," त्या म्हणाल्या, "पण जेवणाच्या गडबडीत पायात येऊ नका. आणि मी सांगते, काही होणार नाही. मी रोज बघतेय."

आजी तशाच ताठ बसल्या होत्या. पेला तसाच, बशी तशीच. ती एक स्टूल ओढून टेबल आणि खिडकी यांच्या मधल्या जागेत बसली. यंत्र पिशवीतून काढलंच नाही. आजींनी तिला ओळखलं, मान हलवली, आणि तळहात वर केला. या वेळी तिनेही आपला तळहात वर केला. थांबते. आजींचे डोळे क्षणभर मोठे झाले. मग त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायला लागला, संथ, आवाज न करता. तीही बसून राहिली. आधी तिला थांबण्याचा कंटाळा आला, मग कंटाळ्याची लाज वाटली, मग दोन्ही गेलं आणि नुसती खोली उरली. समोरच्या खाटेवरची बाई उशीच्या अभ्र्याची घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती. कुणीतरी झोपेत "आले गं, आले" म्हणत होतं. बाहेर कुठेतरी लाकूड कापत होते. सबंध आयुष्यात आपण किती खोल्यांत शिरलो, तिच्या मनात आलं, आणि एकाही खोलीत नुसते बसलो नाही. आत्याजवळसुद्धा नाही. आत्याचं शेवटचं आजारपण दवाखान्यात गेलं, तेव्हा हिची बदली दूर होती, आणि फोनवर ती सकाळी आत्याची चौकशी करायची, तिथल्या परिचारिकेकडे. परिचारिका सांगायची, शांत आहेत. शांत आहेत! ती किती निर्धास्त होऊन फोन ठेवायची. ते आठवलं तसं तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, पण तिने ते पडू दिलं नाही. ही रडायची जागा नव्हती. ही कुणाच्यातरी पाळीची जागा होती, आणि पाळी तिची नव्हती.

वेळ गेला. पिशवीत फोन थरथरला, साहेबच असणार, तिने वरूनच हाताने दाबून ठेवला. खिडकीतून पाठीवर ऊब यायला लागली. आधी खांद्यावर, मग मानेवर. आजी आता तिच्याकडे बघत नव्हत्या, पेल्याकडे बघत होत्या. मग तिच्याकडे. मग पुन्हा पेल्याकडे. कपाळावर एक बारीक आठी आली. मेट्रनबाई दारातून डोकावल्या. "काय? बोलल्या?" तिने नाही अशी मान हलवली. "मी म्हणत होते ना," मेट्रनबाई म्हणाल्या, पण जिंकल्याचा आनंद आवाजात नव्हता, उलट त्या दारातच रेंगाळल्या. जेवणाची घंटा झाली. खोली हलायला लागली, चपला घासत बाया उठल्या, भांड्यांचा आवाज जवळ आला. आजींनी घंटेकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी एक मोठा श्वास घेतला, बाहेर स्वच्छ ऊन पडलेलं एकदा पाहिलं, आणि पुढे वाकून तिच्या गुडघ्यावर बोटाचं पेर वाजवलं. एकदा. मग दोनदा.

दोनदा वाजलं म्हणजे काय ते तिच्या अंगाला आधी कळलं. अजून उठली नाहीस का गं भवाने. ती चटकन उठून बाजूला झाली. इतका वेळ तिच्या पाठीवर अडून राहिलेलं ऊन सरळ टेबलावर पडलं. पेला आतून पेटल्यासारखा झाला, त्याची थरथरती सावली भिंतीवर नाचायला लागली. आजींनी बशी उचलली, डोळे मिटून ओठ हलवले, आणि सगळं पाणी एका दमात प्यायल्या. पेला खाली ठेवला.

"काय बाई तरी," त्या म्हणाल्या. आवाज जरा खरखरीत, पण शब्द टपोरे. "ऊन अडवून बसलीस आणि माझ्या तोंडाकडे बघतेयस. बसायला सबंध खोली होती की."

दारात मेट्रनबाईंचा हात तोंडावर गेला. तिला हसू आलं आणि रडूही, आणि दोन्हींच्या मधून ती कशीबशी म्हणाली, "चुकलं माझं. काल घाईने चुकलं, आज थांबून चुकलं."

"थांबून चुकलेलं चालतं. त्यात दुरुस्ती असते."

"आणि ढग असले म्हणजे?" मेट्रनबाईंनी दारातूनच विचारलं, जणू एवढ्या सगळ्यात त्यांना हाच हिशेब लागत नव्हता.

"ढग असले की तुमची घंटा. देव काही इतका आडमुठा नाही." मग आजींनी चिकटपट्टीकडे पाहिलं आणि आवाज खाली आला. "वर मात्र काचा रंगवलेल्या आहेत. बघून आलेय मी, जिना चढून. ऊन नाही. आणि जेवण खाटेवर आणून देतात, म्हणजे घंटाही नाही. तिथे गेले तर सोडायचं केव्हा? धरलेलं सोडता आलं नाही तर ते व्रत राहत नाही ताई, ती कोंडी होते."

"मग आम्हाला सांगायचं नाही का?" मेट्रनबाई जवळ आल्या होत्या.

"व्रत सांगत फिरायचं नसतं. आणि दुपारी विचारतं कोण? मावशींशी बोलते की रोज. त्या म्हणतात, आज बरं वाटतंय वाटतं." आजी खुदकन हसल्या. हसू थांबल्यावर बाहेर पाहत राहिल्या. "माझ्या घरी सगळे माझ्या आधी बोलायचे. हिला हे आवडतं, हिला ते चालतं. माझं तोंड उघडेपर्यंत माझं बोलून झालेलं असायचं. मग मी म्हटलं, देवा, दिवस असाही हिसकावून घेतातच, तर त्यातला अर्धा मी आपण होऊन तुला देते. दिलेला दिला. पण उरलेला अर्धा मग माझा. त्यात कुणाला बोलू द्यायचं नाही."

तिने पिशवीतून फोन काढला आणि साहेबांना लावला. "बोलल्या," एवढंच ती म्हणाली. पलीकडून साहेबांनी काहीतरी विचारलं, नियमाचं. तिने फोन आजींच्या हातात दिला. आजींनी तो दोन्ही हातांनी कानाला धरला, पाठ ताठ केली.

"हॅलो," आजी म्हणाल्या. किती शुद्ध, किती स्पष्ट. तिला वाटलं, बंद झालेल्या एका जुन्या कार्यालयात, फायली बांधून झाल्यावर, जेवायच्या सुट्टीनंतर कुणीतरी एकजण परत आला आहे. "कोण? मी ती खिडकीजवळची. न बोलणारी." त्या ऐकत राहिल्या. मग आजींनी फोन परत दिला. "तुझे साहेब म्हणतात उघडलं. काय उघडलं ते त्यांनाच ठाऊक."

ती स्टूल घेऊन खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसली, जिथे तिची सावली कुणावरच पडत नव्हती. यंत्रावर आजींचं पान समोर आलं. 'उत्तर कोणी दिलं' या ओळीत तिने कालचं 'प्रतिनिधी' पुसलं आणि 'स्वतः' वर बोट टेकवलं. मेट्रनबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा आजींकडे, मग म्हणाल्या, "तुमचं ताट इथेच पाठवते आज. गार होईल नाहीतर." आणि गेल्या. जाताना त्यांनी दार ओढून घेतलं, बाकीचा गलबला बाहेर राहावा म्हणून.

"पुन्हा एकदा विचारते हं," ती म्हणाली.

"विचार. आता माझी वेळ आहे." आजी पुढे वाकल्या, खाटेच्या दांडीवरच्या पट्टीचा कोपरा त्यांनी नखाने उचलला आणि ती हळूहळू सोलायला लागल्या. टर्रर्र असा बारीक, लांब आवाज होत राहिला. "पण सावकाश हं. मला विचार करून सांगायचंय."

ती थांबली.